अकरा कुलपांची उत्तरं

सर्व्हेच्या कामात कुलूप म्हणजे गुन्हा. कुलूप लावतो दुसराच कुणीतरी, पण ते चढतं आपल्या नावावर.

परभणीच्या एका संस्थेसाठी मी पाच महिने खेड्यांमधून घरोघर प्रश्न विचारत फिरले. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत पाण्याची बाटली. एका चुलीवर किती माणसं जेवतात, काय पेरतात, कामाला कुठं जातात, आजारी पडले तर कुणाला दाखवतात, आणि सगळ्यात शेवटी, एकंदर आयुष्याबद्दल एक ते पाचच्या पट्टीवर किती समाधानी आहेत. असे एकशे बारा प्रश्न. साठाव्याला समोरचा माणूस म्हशीला पाणी दाखवून यायचा. नव्वदाव्याला माझंच समाधान एकावर यायचं.

घरं आपण निवडायची नाहीत, हा पहिला नियम. कॉम्प्युटर गावाच्या यादीतून घरं उचलतो. अमुकच घर का, ते त्यालाही ठाऊक नसतं, आणि हेच त्याचं मोठेपण आहे असं ट्रेनिंगचे सर सांगायचे. सावली बघून घर घ्यायचं नाही, चहा देणारं घर घ्यायचं नाही. यादीतलं घर बंद असेल तर तीन वेगवेगळ्या वेळी जायचं. तिन्ही वेळा बंद, तर 'कुलूप' असं नोंदवून पुढं व्हायचं. शेजारचं घर चालत नाही. शेजाऱ्यानं दिलेलं उत्तर तर त्याहून चालत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण ज्याच्या गावात कुलपं जास्त, तो लिंबाखाली झोपला असणार, असा ऑफिसचा समज. माझ्याआधी एकाला त्यापायी काढून टाकलं होतं. तो खरोखरच झोपला होता, ही गोष्ट वेगळी.

मला काढून टाकलेलं चालणार नव्हतं. मी वेंगुर्ल्याकडची. नवऱ्याला रेल्वेत नोकरी लागली ती थेट पूर्णा जंक्शनला. तो रुळांवर गेला की मी क्वार्टरमध्ये, आणि समोर मालगाडी. वर्षभर मी मालगाडीचे डबे मोजले. एके दिवशी नवरा म्हणाला, "एवढी मोजायची हौस आहे, तर सेलूकडे मोजणीची माणसं घेतायत. जा." चेष्टाच केली होती त्यानं. मी खरंच गेले.

संस्थेच्या मॅडमनी मला पाच मिनिटांत घेतलं. त्यांनी माझं अक्षर बघितलं, टॅबवर बोट चालतं का बघितलं, आणि विचारलं, "उन्हात चालाल?" मी म्हटलं, मी खारवलेले बांगडे उन्हात राखलेत, माझं काय घेऊन बसलात. त्या हसल्या. मी त्यांचे इतके आभार मानले की शेवटी त्यांनीच हात जोडले. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना मी कोरा ठेवला होता. घाईत त्यांनीही बघितला नाही.

मग ट्रेनिंग. दर ठरावीक अंतरानं घर कसं निवडतात, हे सरांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. त्यांनी खुर्च्या मोजायला सुरुवात केली आणि म्हणाले, "प्रत्येक सातव्यानं उभं राहायचं आणि शिक्षण सांगायचं." सातवी मी. माझ्या आयुष्यात कुणी मला निवडलं म्हणून निवडलं, ते तेवढंच. सगळा हॉल बघतोय. या कामाला बारावी लागते, हे मला तिथंच, आदल्या तासाला कळलं होतं. मी नववीत असताना काजूच्या कारखान्यात बी सोलायला गेले ती पुन्हा वर्गात बसले नाही. तोंडातून निघालं, "बारावी." सर म्हणाले, "छान. दाखला जमा करा." मी म्हटलं, "गावाहून येतोय." तो पाच महिने येत होता. एसटीनं नव्हे, बैलगाडीनं नव्हे, माझा दाखला वेंगुर्ल्याहून रांगत येत होता.

म्हणून मला अडचणीत यायचं नव्हतं. अडचणीत आलेल्या माणसाची फाईल उघडतात, आणि माझ्या फाईलमध्ये दाखला सोडून सगळं होतं.

वालूरच्या पुढं आत एक गाव आहे. दिवाळी होऊन गेलेली, ज्वारी गुडघ्याएवढी. माझ्या यादीत वीस घरं. नऊ उघडी, अकरा कुलपं. सगळी ऊसतोडीला गेलेली. सकाळी गेले, कुलूप. दुपारी गेले, कुलूप. तिसऱ्यांदा, दिवेलागणीच्या आधी गेले तर कुलपावर सरडा. त्याला एकशे बारा प्रश्न विचारावे असं एकदा मनात आलं.

एका पायरीवर बसून मी 'कुलूप' टाइप करायला बोट उचललं, तर मागून आवाज आला.

"काय वं बाई, परवापासून बघायलेय. कुलपं मोजायलीस का?"

साठीच्या आसपासची बाई. एक गुडघा धरून चालणारी, नऊवारीचा काष्टा घट्ट. मी म्हटलं, "मावशी, या घरातले कधी येतील?"

"उनाळ्यात."

"उसाला गेलेत?"

"मंग काय, काश्मीर बघाया गेलेत?" ती माझ्या शेजारी टेकली. "तुला त्यायच्याशी काय काम हाय?"

मी सांगितलं. घर निवडलंय, घरातल्याच माणसाला विचारायचंय, बंद घर मोजलं तर मला ओरडतात. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुलूप हाय म्हणून अडलीस? आगं माय, किल्ली हाय की माझ्याकडं."

तिच्या ओसरीतल्या खुंटीवर किल्ल्या लटकत होत्या. प्रत्येकीला वेगळ्या लुगड्याची चिंधी. गुडघा जाईपर्यंत तीही वीसेक वर्षं तोडीला जात होती. आता जाणारे तिच्याकडे किल्ली देऊन जातात. ती अमावास्येच्या अमावास्येला प्रत्येक घर उघडते, झाडते, जमीन सारवते, देवापुढं दिवा लावते आणि परत कुलूप घालते. घराला माणसाची सवय मोडू नये म्हणून. कुणाची शेळी तिच्या दावणीला, कुणाचं रेशन कार्ड तिच्या पेटीत. भिंतीवर कोळशानं सगळ्यांचे मोबाइल नंबर, आणि कोण कुठल्या कारखान्यावर आहे तेही.

"इचार," ती म्हणाली. "काय इचारायचं ते."

"घरातलंच माणूस पाहिजे, मावशी. नियम आहे."

"मंग मी काय म्हैस हाय? घरात बसून सांगते म्हनल्यावर घरातलंच झालं की."

हे ऐकल्यावर मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिनं पहिलं कुलूप काढलं होतं, आणि टॅबला आपण कुठं बसलो आहोत ते उपग्रहावरून कळत असतं. टॅब म्हणाला, तुम्ही अगदी निवडलेल्या घरात आहात. मला वाटलं, उपग्रहाला चालतंय तर मी कोण?

मग दोन दिवसांत आम्ही अकरा घरं केली. मी आजवर पुष्कळ दशावतार बघितलेत, पण असा नाही. बाई प्रत्येक घरात शिरली की त्या घरातली होऊन बसायची. एका घरचा कर्ता बढाईखोर. तिथं ती मांडी ठोकून बसली. "जमीन किती?" विचारलं तर म्हणाली, "हाय दोन एकर, पण तो चार सांगतो. चार लिव्ह."

"खरी किती?"

"दोन."

"मग दोन लिहिते."

"तुला त्याचं उत्तर पायजे का माझं?"

आता हे ट्रेनिंगमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं. माणूस खोटं सांगत असेल तर त्याच्या वतीनं खरं लिहायचं, की त्याच्या वतीनं खोटं लिहायचं? मी चार लिहिले. बाईनं समाधानानं मान हलवली. "फोन केला तरी चारच म्हनल. मरस्तोवर चार."

समाधानाच्या पट्टीवर बढाईखोराला तिनं पाच दिले. दुसरं घर त्याच्या भावाचं. भाऊ रडका. त्याला दोन. "एक नाही?" मी विचारलं. "एक दिला तर लोक मदतीला येतेत, आन मंग त्यायला चहा पाजावा लागतो. दोन बरा."

शेवटचं घर एका सुनेचं. लग्न होऊन तीनच वर्षं. तिथं बाई आत गेली आणि एकदम डोक्यावरून पदर पुढं ओढून चुलीजवळ बसली. आवाजही बारीक झाला. प्रश्न संपत आले. एक ते पाच, किती समाधानी? बाईनं चुलीतली गार राख बोटानं सारखी केली. मग पदर मागं सारून स्वतःच्या आवाजात म्हणाली, "खरं म्हनशील तर एक. लय बेजार हाय पोरगी. पण ती चार म्हनल. न इचारता चार म्हनल."

मी चार लिहिले. टॅबनं हिरवी खूण केली.

वीसपैकी वीस. कुलूप शून्य. मॅडमनी गटावर माझं कौतुक टाकलं, वर टाळ्यांची चित्रं. मी दिवसभर त्या टाळ्या उघडून बघत होते आणि परत बंद करत होते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अकरा घरांत एकच बाई? मग एवढं फिरलीस कशाला, तिच्या ओसरीतच बसायचं."

प्रत्येक सर्व्हेत तपासणी असते. ऑफिसातला एक तपासणीस काही घरांना फोन लावतो आणि निवडक प्रश्न परत विचारतो. उत्तरं जुळली की झालं. आठवड्यानं मला परभणीला बोलावलं. तपासणीस फोन स्पीकरवर ठेवून बसला होता, मॅडम शेजारी. त्यांनी मला नुसतं बसा म्हटलं. आभार मानायलाही जागा ठेवली नाही.

पहिला फोन बढाईखोराला.

"आमच्या सर्व्हेच्या बाई आल्या होत्या का तुमच्याकडे?"

"आल्त्या की. लय चांगल्या बाई हायत. आमच्या ओसरीत बसल्या, चहा पिऊन गेल्या."

"जमीन किती तुमची?"

"चार एकर."

तपासणीसानं माझ्याकडे बघितलं. उत्तर जुळलं होतं. मग सहज विचारावं तसं तो म्हणाला, "आवाज कसला येतोय हो?"

"ट्रॅक्टरचा. मोळ्या भरायलाव."

"कुठं आहात?"

"कारखान्यावर. दिवाळीपासनं हितंच हाव."

"मग बाईंना चहा कुणी केला?"

तिकडं ट्रॅक्टर चालू. मग तो म्हणाला, "...बायकोनं."

"ती कुठं आहे?"

"ही काय. मोळी बांधायलीय."

तपासणीसानं एकामागून एक फोन लावले. रडक्या भावाकडं मी ओसरीत बसून चहा प्यायले होते. तिसऱ्याकडं चहा प्यायले होते. चौथ्याकडं चहाबरोबर बटर होतं. सगळ्यांचं एकच वाक्य, लय चांगल्या बाई हायत. माझ्या मावशीनं अकराही जणांना फोन करून ठेवला होता. पोरीची नोकरी हाय, इचारलं तर हो म्हना. आणि त्यांनी, एका बाईच्या शब्दाखातर, मी कधी न बघितलेल्या माणसांनी, मला दोनशे किलोमीटरवरून चहा पाजला. नुसतं "हो" म्हणून थांबले असते तर तपासणीसही उत्तर जुळलं म्हणून पुढं गेला असता. मला बुडवलं ते मायेनं.

मॅडम रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "काय झालं ते लिहून द्या. एक पान." आणि कागद पुढं सरकवला.

मला वाटतं बाकीच्यांना अशा वेळी नोकरी जाण्याची भीती वाटत असेल. मला कागदाची वाटली. नववीनंतर मी एवढं पान कधी भरलं नव्हतं. 'माननीय महोदया' लिहिलं, खोडलं. 'सविनय' लिहिलं आणि पुढं काय येतं ते आठवेना. शेवटी जसं झालं तसं लिहीत गेले. सरडा लिहिला, चिंध्या लिहिल्या, दोन एकराचे चार झाले ते लिहिलं, सुनेचा एक आणि चार लिहिला. तीन पानं झाली. मॅडमनी माझ्यासमोरच वाचली. म्हैस आली तिथं त्यांच्या नाकातून आवाज आला, पण चेहरा तसाच.

वाचून त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का, उत्तरं बरोबर आहेत की चूक हा प्रश्नच नाही? त्या बाईंना सगळं येतं, मान्य. पण मला त्या घराचं तोंड हवंय. नाहीतर मी प्रत्येक गावात एकच हुशार बाई शोधली असती, तुम्हा सगळ्यांची गरज काय?"

मी म्हटलं, "कळलं, मॅडम."

"अकराही फॉर्म रद्द. आणि हे वर पाठवावं लागेल, त्याला तुमची फाईल जोडायची आहे. दाखला?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं. मी म्हटलं, "दाखला येणार नाही, मॅडम. बारावी नाहीये. नववी. तीही अर्धी."

आता मात्र त्या रागावल्या. अकरा फॉर्मना रागावल्या नव्हत्या त्याची सगळी भरपाई झाली. म्हणाल्या, माझ्या सहीनं घेतलंय तुम्हाला. म्हणाल्या, मी रकाना बघितला नाही ती माझी चूक, पण तुम्ही सातव्या खुर्चीतून उठून हॉलभर लोकांसमोर खोटं बोललात. मी रडले नाही. रडले असते तर त्यांना पाणी आणायला उठावं लागलं असतं, आणि तेवढं तरी मला त्यांना करायला लावायचं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही मला घेतलंत, ते मी विसरणार नाही."

"आभार मानू नका हो," त्या ओरडल्या. "दर वाक्याला आभार! डोकं उठतं."

मग त्या खूप वेळ तीन पानं परत परत बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, सर्व्हे करणारी म्हणून तुम्हाला ठेवता येत नाही, नियम आहे. सर्व्हेच्या आधी गावात जाऊन घरांची यादी करणारी एक टोळी असते, तिला आठवी चालते, पगार कमी. सोमवारपासून पाथरी तालुका. यायचं तर या. पण त्याआधी आज एक काम करा. ही अकरा घरं फोनवर परत विचारायची परवानगी मी, तुम्ही लिहीत होतात तेवढ्यात, काढलीय. प्रश्न दुसरी मुलगी विचारेल. पण ही माणसं अनोळखी आवाजाला खरं सांगणार नाहीत. तुम्ही फोन लावा, ओळख द्या, खरं काय झालं ते सांगा आणि बाजूला बसा.

मी अकरा फोन लावले. प्रत्येकाला सांगितलं, मी ती चहा प्यायलेली बाई, मी चहा प्यायले नव्हते, आता या ताई विचारतील त्याचं तुमचं तुम्ही उत्तर द्या. बढाईखोर म्हणाला, "आता आमी काय चुकलाव का?" मी म्हटलं, नाही, मी चुकले. त्यानं जमीन चार एकर सांगितली.

शेवटचा सुनेचा. ती दुपारच्या जेवणाला उसाच्या पाचटावर बसली होती, मागं बायकांचा गलका. नव्या मुलीनं सगळे प्रश्न नीट विचारले. शेवटी पट्टी. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी.

"चार," तिनं सांगितलं. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

नव्या मुलीनं चार दाबलं. तिच्या टॅबवरही तीच हिरवी खूण आली. नियमानं बघितलं तर हा चार आता खरा होता. मी मॅडमकडे बघितलं. त्यांच्यासमोर माझी तीन पानं उघडीच होती, सुनेचा एक आणि चार असलेलं तिसरं वर.  त्यांनी पानं उचलली आणि वर पाठवायच्या कागदांना टाचली.

संध्याकाळी पूर्णेच्या गाडीची वाट बघत परभणी स्टेशनवर बसले होते तर मावशीचा फोन.

"ऱ्हायली का नोकरी?"

"राहिली, मावशी. पण खालची."

"खालची मंजे?"

"आता प्रश्न विचारायचे नाहीत. नुसती घरं मोजायची, दारावर खडूनं नंबर टाकायचा आणि पुढं जायचं."

"पैशे कमी?"

"कमी."

तिकडं शेळी ओरडली, तिनं तिला शिवी घातली. मग म्हणाली, "बरं झालं म्हन की. परश्न लय येडे व्हते तुमचे. मी काय बोलले न्हाई, तुला वाईट वाटल म्हनून."